पिवळ्या दोऱ्याची ओळ

७ सप्टेंबर १९८७

आज कापसाच्या कळ्यांचं काम सुरू झालं. वर्षभर ही वही कपाटात पडून असते. मी लिहिते ते फक्त या दीड-दोन महिन्यांत. बाकीच्या दिवसांत माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही असं आई म्हणायची, आणि तिचं फारसं चुकत नसे.

पुढच्या ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मी निवृत्त होणार. म्हणजे यंदा जो संकर करीन त्याची झाडं पुढच्या पावसाळ्यात बघायची आणि घरी जायचं. म्हणून यंदा पसारा नाही, एकच संकर. त्यातलं आईचं झाड बुटकं, कमरेएवढं, आखूड फांद्यांचं, बोंडं खोडाला चिकटून असलेलं. बाप छातीइतका उंच, बुडातूनच चार-पाच गळफांद्या, म्हणजे थेट बोंडं न धरणाऱ्या लांब फांद्या, फेकणारा, दोन ओळींची जागा एकटा अडवणारा. आमच्या बायकांनी आईचं नाव ठेवलंय गिड्डी आणि बापाचं गौडा, कारण गावचा गौडा, म्हणजे पाटील, कट्ट्यावर बसला की तिघांची जागा घेतो.

सारख्या बांध्याची झाडं जमवावीत असं सगळे म्हणत आले. मला वीस वर्षं वाटत आलंय की भिन्न बांध्याची जमवून बघावीत. तिची आटोपशीर ठेवण आणि त्याचा फांद्यांचा विस्तार एका झाडात आला तर बोंडं किती धरतील याचा नुसता विचार करूनच मला झोप लागत नाही. शिवयोगी म्हणजे माझा मदतनीस संशोधक, माझ्यानंतर हे शेत त्याच्याकडे जाईल. तो म्हणाला, "मॅडम, एवढी एकच सोयरीक, आणि ती फसली तर?" म्हटलं, फसली तर तुझ्या लग्नाच्या वेळी मी मध्ये पडणार नाही. त्याचं लग्न अजून ठरत नाहीये.

८ सप्टेंबर

नऊ बायका, नऊ रंगांचे दोरे, आणि दहावा माझा, पिवळा. दरवर्षी मी स्वतः एक ओळ करते. ज्याला स्वतः करता येत नाही त्याने दुसऱ्याला रागावू नये.

काम तेच. दुपारी तीनला दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाने बुडाशी चिरायची आणि पाकळ्या, केसर सगळं एका फिरकीत उपसायचं. मधली दांडी तेवढी उभी ठेवायची. त्यावर लाल कागदी पिशवी, देठाला आपापल्या रंगाचा दोरा. सकाळी गौड्याचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं. केसराची एक जरी गोळी कळीत राहिली तरी ती सकाळी फुटते, आणि गिड्डीला स्वतःच्याच केसराने बी धरतं. बोंडाकडे बघून कळत नाही. कळतं ते पुढच्या वर्षी, त्या बियांची झाडं कमरेला येऊन थांबली की.

म्हणून माझा नियम. प्रत्येकीच्या बियांची पन्नास झाडं पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत लावायची. त्यात दोनपेक्षा जास्त गिड्ड्या निघाल्या तर त्या बाईचा दोरा सगळ्यांसमोर कापायचा आणि तिने कळ्यांना पुन्हा हात लावायचा नाही, खुरपणीला जायचं. एकाहत्तर सालापासून तीन दोरे कापलेत. एकीने माझे पाय धरले होते. मी पाय काढून घेतले होते. त्या रात्री जेवले नव्हते, पण दोरा दिला नाही.

फकीरव्वा या सगळ्यांची म्होरकी. तिचा दोरा हिरवा. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. यंदा हट्टाने माझ्या शेजारची ओळ मागून घेतली. म्हणे तिथे सावली लवकर येते.

१५ सप्टेंबर

फकीरव्वाचं जोडवं हरवलं. आणि कुठे, तर माझ्या ओळीत. संध्याकाळी सगळ्या निघाल्या तरी ही माझ्या झाडांत वाकून. म्हटलं, बॅटरी आणू? तर म्हणाली, "नको अक्का, तुम्ही चहाला जा. जोडवं माझं आहे, मलाच सापडेल."

शिवयोगी हल्ली बरोबर पाचला माझ्यासाठी चहा करतो. पोरगा सुधारतोय.

१७ सप्टेंबर

जोडवं काल सापडलं आणि आज पुन्हा हरवलं, पुन्हा माझ्याच ओळीत. मी तिला म्हटलं, एकदा सोनाराकडे जाऊन आवळून घे. मान हलवली. पन्नाशीला आली तरी वेंधळेपणा जात नाही.

माझी ओळ मात्र सुरेख चालली आहे. आज साठ कळ्या. खरं सांगायचं तर मी आता बघत नाही, बोटांनीच करते. इतक्या वर्षांत बोटांना सगळं पाठ झालंय.

२३ सप्टेंबर

या दिव्याला काही जोर नाही. वीज मंडळाला पत्र लिहायला हवं. वहीच्या रेघाही यंदा फिकट छापल्यात, ओळी वर चढतात. शिवयोगीने माझ्या नोंदी पाहिल्या आणि म्हणाला, मॅडम, मी लिहीत जाऊ का? म्हटलं, अजून वर्षभर खुर्ची माझी आहे.

आज एक हसण्यासारखी गोष्ट. पंपघरापाशी राखणदार नुसता उभा दिसला म्हणून चांगली दोन मिनिटं त्याची हजेरी घेतली. तो हूं की चूं करेना. जवळ गेले तर त्याचा कोट खुंटीला लटकत होता. कोणी पाहिलं नाही, निदान मला तरी कोणी दिसलं नाही.

३ ऑक्टोबर

आज फकीरव्वाला बोलावं लागलं. साडेसहाला, दिसेनासं झालं तरी ती स्वतःच्या ओळीत कळ्या काढत होती. इतकी वर्षं पाचाच्या आत जिची ओळ संपायची तिची ही कथा. आणि राहिलेल्या कळ्या सकाळी लवकर येऊन करते म्हणाली. सकाळी केसर फुटायला किती वेळ लागतो ते हिला मी सांगायचं?

म्हटलं, तुला झालंय काय? घरी काही आहे का? "काही नाही अक्का. हात जड झालाय थोडा." मी म्हटलं, हात जड झाला असेल तर खुरपं धर. जरा जास्तच लागलं तिला. पण काम ते काम.

तिची सून रेणव्वा पलीकडच्या ओळीत होती, तिचा दोरा निळा. ती ताडकन उठली आणि काही बोलणार तेवढ्यात सासूने तिला पाण्याची घागर आणायला पाठवलं. घागर भरलेलीच होती.

१८ ऑक्टोबर

नख कापायचा दिवस. शेवटची कळी झाली की सगळ्या जणी झाडाखाली बसून अंगठ्याचं नख कापतात आणि मग जेवण. फकीरव्वाने पुरणाची होळिगे आणली होती, रेणव्वाने शेंगांची चटणी आणि ज्वारीच्या भाकऱ्या. मी धारवाडहून पेढे नेले.

फकीरव्वाने पहिली होळिगे माझ्या पानात वाढली, तूप सोडलं आणि म्हणाली, "तुमची ओळ छान झाली अक्का. एक कळी खोटी नाही." म्हटलं, ते पुढच्या वर्षी झाडं सांगतील. तू कशी सांगतेस? ती हसली आणि पुढच्या पानाकडे गेली. रेणव्वाने मला चटणी वाढली नाही. विसरली असेल.

वही आता कपाटात.

२४ जून १९८८

नियम मोडून मध्येच लिहितेय, कारण आज पेरणी झाली. दहा दोऱ्यांच्या दहा ओळी, पन्नास-पन्नास झाडं. पलीकडे मोठ्या तुकड्यात सगळ्यांचं बी एकत्र. तो माझा संकर. देवाला मी सहसा त्रास देत नाही, आज दिला.

१२ ऑगस्ट

काय लिहू?

आधी चांगलं. संकर जमला आहे. झाड ना गिड्डीसारखं खुजं ना गौड्यासारखं अस्ताव्यस्त. पोटाइतकं उंच, ताठ, बुडाशी दोनच गळफांद्या, आणि फळफांद्या अशा एकाआड एक सुटलेल्या की मधून हात घालून वेचता येईल. पात्यांची, म्हणजे कोवळ्या कळ्यांची, दाटी एवढी की शिवयोगी मोजता मोजता थांबला आणि टोपी काढून उभा राहिला. मी हाताने चाचपून बघितलं. वीस वर्षं डोक्यात होतं ते झाड माझ्या ओंजळीत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग दहा ओळींची मोजणी. माझी पिवळी ओळ, गिड्डी एकही नाही. बाकीच्या आठांत कुठे एक, कुठे दोन. हिरव्या ओळीत सात.

मी शिवयोगीला परत मोजायला लावलं. सात. मग मी स्वतः ओळीतून चालत गेले आणि प्रत्येक झाडाच्या डोक्यावर हात ठेवला. सात जागी हात खाली गेला.

शिवयोगी म्हणाला, "मॅडम, यंदा सोडून द्या. एकदाच." मी म्हटलं, तिघींना सोडलं नाही, आणि ही माझी मैत्रीण म्हणून सोडू? उद्या सगळ्या म्हणतील की नियम परक्यांसाठी होता. तो काहीतरी सांगायला लागला आणि मग गप्प बसला. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही.

दुपारी सगळ्यांना बोलावलं. दोऱ्यांचा डबा उघडला. फकीरव्वाने स्वतःच हिरवं रीळ काढून माझ्या हातात दिलं. मला कात्रीने दोरा लवकर सापडेना, तेव्हा तिने तो ताणून धरला. मी कापला.

ती एवढंच म्हणाली, "तुमची ओळ कशी निघाली अक्का?"

"एकही गिड्डी नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि हसली. तोंडभर हसली. सव्वीस वर्षांचं काम गेलं आणि हिला हसू येतं. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. रेणव्वा जाता जाता मोठ्याने म्हणाली, "अक्कांच्या ओळीतली मातीच वेगळी आहे." मी डबा बंद केला.

१४ ऑगस्ट

काल चरात पाय जाऊन पडले. चर सहा वर्षं तिथेच आहे. शिवयोगीने न विचारता मला जीपमध्ये घातलं आणि हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला.

डॉक्टर म्हणाला, हे आजकालचं नाही, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील; इतके दिवस करत काय होतात? म्हटलं, कापसाच्या कळ्यांतून केसर काढत होते. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

घरी येऊन बसले आणि हिशेब केला. दोन-तीन वर्षं, म्हणजे गेल्या सप्टेंबरातही. पण मग माझी ओळ आठवली. पन्नासांत एकही नाही. म्हणजे बोटांना पाठ आहे म्हणत होते ते खोटं नव्हतं. जरा बरं वाटलं आणि ताकभात खाऊन झोपले.

एकोणीसला उजवा डोळा कापणार.

१८ ऑगस्ट

फकीरव्वा घरी आली होती. धारवाडात मालमड्डीला माझं घर गाठायला तिला दोन बस बदलाव्या लागतात. खुरपणीचा खाडा करून आली. भाकऱ्या, वांग्याची भाजी, आणि कुठल्याशा देवळातला अंगारा. मी तिच्याशी नीट बोलले नाही. दोरा कापलेल्या बाईशी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही, आधीच्या तिघी कधी घरी आल्याच नव्हत्या.

तिने माझी भांडी घासली, देवापाशी अंगारा ठेवला. जाताना दारात म्हणाली, "नजर आली की आधी शेत बघा अक्का. वह्या नंतर बघा."

२६ ऑगस्ट

लिहू नका म्हणून सांगितलंय. एक डोळा बांधलेला, दुसरा नावापुरता. अंदाजाने लिहितेय. बरी आहे.

३० सप्टेंबर

चष्मा मिळाला.

बाहेर आले तर कडुनिंबाला पानं होती. म्हणजे सुटी सुटी, एकेक. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. शिवयोगीच्या कानापाशी केस पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, म्हणून तुझं लग्न ठरत नाही. तो इतका हसला की जीपचं दार त्याला उघडेना.

१ ऑक्टोबर

शेत बघितलं. हाताला कळलं होतं ते निम्मंदेखील नव्हतं. खालची बोंडं फुटायला लागलीत आणि वर अजून फुलं आहेत. मी ओळीत उभी राहिले आणि कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारच्या ओळीत कोणी नव्हतं.

यंदाच्या कळ्या रेणव्वाच्या हाताखाली चालल्यात. काम चोख. मला नमस्कार करते, पण माझ्या खांद्याच्या वरून बघते.

३ ऑक्टोबर

रात्रीचे नाही, दुपारचे चार वाजलेत आणि मी ऑफिसात दार लावून लिहितेय.

नव्या वाणाच्या चाचणीसाठी बी पाठवायचं, त्याबरोबर गेल्या वर्षीच्या कामाचा तपशील. बोंड तोडताना देठ आणि दोरा त्याबरोबरच ठेवायचा असा आमचा रिवाज आहे, म्हणजे कोणाचं बोंड कोणाचं यावर वाद नको. बी काढून घेतलं तरी सुके देठ दोऱ्यांसकट कागदी पाकिटात राहतात. ती पाकिटं काढली. सहज पिवळं पाकीट टेबलावर ओतलं. नव्या डोळ्याचं कौतुक, दुसरं काही नाही.

मी दोरा दोनदा गुंडाळून साधी गाठ मारते आणि टोकं कापते. ते मला माझ्या आजोबांनी शिकवलं, पतंगाच्या वेळी. टेबलावर पिवळे दोरे होते आणि त्यांच्या गाठी माझ्या नव्हत्या.

एक फास, त्यातून दुसरा फास, ओढून सपाट. मोगऱ्याचा गजरा बांधताना मारतात ती गाठ. आमच्यात ती एकटी फकीरव्वा मारते, कारण लहानपणी ती देवळासमोर गजरे विकायची.

आधी वाटलं पाकिटं बदलली. हिरवं ओतलं. हिरव्या दोऱ्यांवरही तीच गाठ, पण कशीबशी मारलेली, घाईची. पिवळ्यावरच्या मात्र एकेक निवांत, नीटनेटक्या. मी मोजलं. पिवळ्या पाकिटात माझ्या गाठीचे देठ वेगळे केले. मूठभरही झाले नाहीत.

आणि मग मला जोडवं आठवलं.

शिवयोगीला बोलावलं. टेबल बघूनच त्याने खुर्ची घेतली. सगळं सांगितलं त्याने. मी चहाला गेले की ती माझ्या ओळीत शिरायची. एकेक लाल पिशवी काढून बघायची. कुठे केसर राहिलेलं, कुठे माझ्या नखाने दांडीच चिरलेली. राहिलेलं साफ करायची. चिरलेली कळी टाकून शेजारची नवी काढायची, पिवळा दोरा बांधायची. ते होईस्तोवर सहा वाजायचे. मग स्वतःची ओळ, अंधारात.

"तुला माहीत होतं."

"चहा मीच करत होतो ना मॅडम."

"आणि मी तिचा दोरा कापला तेव्हा?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, अक्कांना कळलं तर त्या पुन्हा शेतात यायच्या नाहीत."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. त्या सात झाडांच्या डोक्यावर मी हात ठेवला होता. तिने माझ्या ओळीला दिलेल्या वेळापायीच ती निघाली होती. आणि वर मी तिला म्हटलं होतं की खुरपं धर.

४ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. नुसती माफी मागून भागणार नाही. माफी मागितली तर ती म्हणेल, जाऊ द्या अक्का, आणि भाकरी पुढे करेल. आणि दोरा परत दिला तर नियम मोडतो. तिलाही ते आवडणार नाही. आधीच्या तिघींपैकी एक तिची बहीण होती, आणि तेव्हा तिने माझ्याशी एक शब्द काढला नव्हता.

सकाळी आठला नोंदवही उघडली. तेव्हा उत्तर समोर होतं. पंधरा मिनिटांत लिहून झालं.

५ ऑक्टोबर

दोऱ्यांचा डबा आणि नोंदवही घेऊन खुरपणीच्या तुकड्यात गेले. कळ्यांच्या बायकांना आधीच तिकडे बोलावून घेतलं होतं. फकीरव्वा ओळीत बसलेली, खुरपं हातात. मी तिच्यासमोर मातीत बसले. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकले.

नोंदवही वाचून दाखवली. सप्टेंबर सत्त्याऐंशी. पिवळ्या दोऱ्याची ओळ, काम फकीरव्वाचं, पन्नास झाडांत गिड्डी एकही नाही. हिरव्या दोऱ्याच्या ओळीत सात गिड्ड्या, दोष रोहिणी बेटगेरीचा, म्हणजे माझा. म्हणून हिरवा दोरा रोहिणी बेटगेरीचा समजावा. तो कापला आहे. नियमाप्रमाणे त्या बाईने कळ्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

मग पिवळं रीळ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

 तिने रिळाला हात लावला नाही. पदराने तोंड पुसलं.

"शिवयोगीअप्पा बोलले ना?"

"तुझ्या गाठी बोलल्या."

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "गाठ तुमच्यासारखी मारायला हवी होती. बोटं ऐकत नाहीत."

 शेवटी विचारलं, की दोरा कापताना तू हसलीस का? एक शब्द सांगितला असतास तर मी थांबले नसते का?

तिने तणाची एक काडी उपटून सोलायला घेतली. "तुमच्या ओळीत गिड्डी निघाली असती तर तुम्ही तुमचाच दोरा कापला असता," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. मला माहिती आहे ना तुम्ही कशा आहात. शेवटचं वर्ष तुमचं. माझं काय, खुरपं काही जड नाही. पण तुम्ही तसंच घरी गेला असता तर मला भाकर गोड लागली नसती, अक्का."

मी तिचे हात धरले. दोन्ही हात मातीने भरलेले आणि अंगठ्याचं नख कापलेलं होतं. मी रडले आणि तीही रडली. रेणव्वा पुढे आली, रीळ उचललं आणि सासूच्या कमरेला खोचलं. मग माझ्याकडे बघितलं, या वेळी सरळ डोळ्यांत.

उठताना तिच्या पायांकडे लक्ष गेलं. दोन्ही जोडवी बोटांत घट्ट रुतलेली होती, लग्नाच्या दिवसापासून निघाली नसतील इतकी.

३१ ऑक्टोबर

ऑफिसात हार, नारळ, शाल झाली. भाषणात मला नव्या वाणाची जननी म्हणाले. मी उठून सांगितलं की गिड्डी आणि गौड्याचं लग्न मी ठरवलं, पण माझ्या ओळीतल्या बहुतेक कळ्या फकीरव्वाच्या हातच्या, आणि हे कागदावर लिहिलेलं आहे. बी चाचणीला गेलं, त्याबरोबरच्या तपशिलात तिचं नाव आहे. साहेबांना ते जरा विचित्र वाटलं.

बायकांनी यंदा नख कापायचा दिवस माझ्यासाठी आजवर लांबवला होता. शेवटच्या कळ्या होऊन दहा दिवस झाले तरी सगळ्या नख वाढवून हिंडत होत्या. रेणव्वा म्हणाली, पीठ मळताना जीव गेला. माझं नख मी तसंही वापरलं नव्हतं, पण कापलंही नव्हतं. फकीरव्वाने माझा अंगठा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कापलं. नख पातळ झालंय, पिवळट. ते मला दिसलं.

जेवणं झाली. रेणव्वाने चटणी दोनदा वाढली. मग सगळ्या पांगल्या आणि आम्ही दोघीच उरलो.

"उद्यापासून काय करणार अक्का?"

मी डब्यातून पिवळ्या दोऱ्याचा एक तुकडा आणला होता. तो तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, आधी ती गाठ शिकव. तिने माझ्या बोटांवर दोरा घातला. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "नजर आलीय ना आता? मग बोटांनी कशाला करता, बघून करा."